आई-बाबांना फर्स्ट क्लासने पाठवताय? मग विमानाआधी लाउंजचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होतायत. दोघंही सत्तरी ओलांडलेले, मुंबईहून न्यूयॉर्कला मोठ्या मुलीकडे निघालेत. तिघा भावंडांनी पैसे जमवून त्यांना फर्स्ट क्लासने पाठवायचं ठरवलंय. मार्ग कोणता घ्यावा, लाउंजचा नीट उपयोग कसा करावा, पैसे वसूल होतात का, आणि आधी सांगावं की विमानतळावर सरप्राइज द्यावं?

माझी या धंद्यात सत्तावीस वर्षं झाली. पहिली आठ मुंबई विमानतळावर एका परदेशी कंपनीच्या काउंटरवर आणि लाउंजच्या टेबलावर गेली, पुढची ठाण्यातल्या माझ्या तिकिटांच्या ऑफिसात. तुमचा प्रश्न वाचल्यावर लाउंजवरच्या दिवसांतलं एक जोडपं आठवलं.

कोल्हापूरकडचे आजी-आजोबा होते. मुलाने पाठवलेलं फर्स्टचं तिकीट. मी दोघांना आत नेऊन खिडकीजवळच्या सोफ्यावर बसवलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर समोर काहीच नाही, पाण्याचा ग्लाससुद्धा नाही. आजींच्या मांडीवर स्टीलचा डबा. आजोबांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बाई, इथं चहा केवढ्याला?" मी म्हटलं, सगळं तिकिटात आलंय. त्यांचा विश्वास बसला नाही, पण चहा घेतला. नंतर मी दुसऱ्या प्रवाशांत अडकले, आणि विमान सुटायच्या आधी गेटवर गेले तर हे दोघं तिथल्या कडक खुर्च्यांवर, पासपोर्ट हातात धरून, ताठ बसलेले. दोन तास. का, तर "नाव पुकारलेलं आत ऐकू आलं नाही तर?"

त्यांचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. बऱ्याच लाउंजमध्ये खरोखरच घोषणा होत नाहीत. शांतता हाच तर तिथला माल. त्यामुळे तुमच्या पैशाचं काय होणार हे विमानातल्या खुर्चीपेक्षा जमिनीवरच्या या तीन-चार तासांवर जास्त ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करते. बहुतेक घरांत 'लाउंज' म्हणजे बँकेच्या कार्डावर दोन रुपयांत मिळणारा लाउंज. बाहेर रांग, आत पोह्यांच्या भांड्यापुढे दुसरी रांग, बसायला जागा शोधायची. हल्ली तर अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातलीय. तुमच्या बाबांनी देशांतर्गत प्रवासात हे पाहिलं असेल, तर 'लाउंज' ऐकून ते हुरळून जाणार नाहीत. त्याच्या वरचा प्रकार विमान कंपनीच्या बिझनेस लाउंजचा. आणि त्याच्याही वर, मोजक्याच विमानतळांवर, फक्त फर्स्टच्या प्रवाशांचा लाउंज असतो. तिथे बुफे असला तरी त्याच्याकडे जायची गरज नसते. तुम्ही बसता, मेनू घेऊन माणूस येतो.

गोष्ट तशी जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर आपल्या निवडक पाहुण्यांसाठी पहिला क्लब उघडला, तेव्हापासूनची. आपल्याकडे एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७ विमान, 'सम्राट अशोक', १९७१ मध्ये आलं तेव्हा विमानातच वरच्या मजल्यावर फर्स्टच्या प्रवाशांसाठी बैठक होती. माझे काही जुने ग्राहक त्या गोल जिन्याबद्दल अजून बोलतात. पण त्याच एअर इंडियाने जानेवारी २०२४ मध्ये एअरबस ए३५० विमान सेवेत आणलं, त्यात फर्स्ट क्लासच नाही. २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि बाकी इकॉनॉमी. जगभर हेच चाललंय. बिझनेसच्या खुर्च्यांना दारं आली, त्या सपाट झाल्या, आणि फर्स्टला वेगळं दाखवण्यासारखं जमिनीवरच जास्त उरलं.

आता मार्ग. मुंबई ते न्यूयॉर्क फर्स्टने जायचं आणि लाउंजही अनुभवायचा, तर माझ्या मते दुबईमार्गे एमिरेट्स. दुबईहून न्यूयॉर्कच्या जेएफकेला त्यांचं ए३८० हे दुमजली विमान जातं. वरच्या मजल्यावर पुढे फर्स्टचे १४ सूट, म्हणजे दार असलेल्या छोट्या खोल्या, आणि अंघोळीला दोन शॉवर. दुबईच्या टर्मिनल ३ मधला कॉन्कोर्स ए, म्हणजे गेटांचा एक स्वतंत्र विभाग, २०१३ मध्ये खास ए३८० साठी बांधला. तिथे फर्स्ट लाउंजला अख्खा मजला दिलाय. जेवणाचं वेगळं दालन, शॉवर, झोपायला शांत खोल्या, दुकानंसुद्धा आतच. आणि वयस्कर माणसांसाठी सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे लाउंजमधूनच थेट विमानाच्या वरच्या मजल्यावर चढता येतं. गेटवर जाऊन रांगेत उभं राहायचा प्रश्नच नाही. माझे कोल्हापूरचे आजोबा तिथे असते तर त्यांची काळजी मिटली असती. एक मात्र बघा, पुढचं विमान ज्या कॉन्कोर्समधून सुटतं त्याच कॉन्कोर्सच्या लाउंजमध्ये त्यांनी बसायचं. दुबईत उतरल्यावर आधी फलक पाहायला सांगा.

एमिरेट्सचं जेएफकेचं एक विमान वाटेत मिलानला थांबतं. ते घेऊ नका. अर्ध्या झोपेत उठवतील, आणि काही बायकांना घरी आल्यावरही मिलानचं विमानतळ स्वप्नात दिसतं. थेट जाणारं घ्या, साधारण चौदा तासांचं.

दुसरा पर्याय लोक हमखास सुचवतील तो फ्रँकफर्टचा. लुफ्तान्साचं तिथलं फर्स्ट क्लास टर्मिनल ही स्वतंत्र इमारतच आहे, २००४ मध्ये उघडलेली. तपासणी तिथेच, पासपोर्टचा शिक्का तिथेच, बाथटबमध्ये अंघोळ, सोबत एक रबरी बदक जे लोक हौसेने जमवतात, आणि शेवटी मोटारीत बसवून थेट विमानाच्या पायथ्याशी सोडतात. ऐकून कुणालाही मोह पडेल. पण ही इमारत विमानतळाच्या तपासणीच्या बाहेर आहे. म्हणजे मुंबईहून येऊन पुढे न्यूयॉर्कला जाणाऱ्याला आधी जर्मनीत रीतसर प्रवेश करावा लागतो, त्याला युरोपचा शेंगेन व्हिसा हवा. भारतीय पासपोर्टवर तो नसेल तर आतल्या बाजूच्या फर्स्ट लाउंजमध्येच बसायचं. तोही उत्तम आहे, पण बदक आणि मोटारीचं सांगून ठेवलं असेल तर हिरमोड होतो. माझ्याकडे एका डॉक्टरसाहेबांचा झाला होता, म्हणून सांगते.

आणि तिसरा, कुणी न सुचवणारा पर्याय: थेट मुंबई–न्यूयॉर्क, बिझनेसने. सोळा तासांच्या आसपास, एकदा बसलं की तिथेच उतरायचं. बाबांना गुडघ्याचा त्रास असेल, आईला रात्रीच्या वेळी परक्या विमानतळावर घाबरायला होत असेल, तर मी माझं कमिशन सोडून हेच सांगेन. फर्स्टचा आनंद घ्यायला मधे थांबण्याची ताकद लागते. ती आहे का, हे तुम्हीच ओळखाल.

आहे असं धरून पुढे जाते.

तिकीट शोधताना वेबसाइट तुम्हाला सगळ्यांत कमी थांब्याचं विमान वर दाखवते. दीड तासाचा थांबा, लगेच पुढचं विमान. इकॉनॉमीला हे बरोबर. फर्स्टला तोट्याचं. ज्या लाउंजसाठी पैसे मोजले त्याच्या दारातून धावत जायचं का? माझा हिशोब असा: दुबईत चार तास. तीनपेक्षा कमी नको, कारण मुंबईहून विमान उशिरा सुटलं तर सगळं त्यातच जातं. सहापेक्षा जास्तही नको, कारण सोफा कितीही मऊ असला तरी पाय सुजायचे ते सुजतातच. चार तासांत अंघोळ होते, शांतपणे जेवण होतं, तासभर आडवं होता येतं.

मुंबईला मात्र उगाच चार तास आधी पोचू नका. टर्मिनल २ वर बहुतेक परदेशी कंपन्यांचे फर्स्ट आणि बिझनेसचे प्रवासी विमानतळाच्याच सामायिक लाउंजमध्ये जातात. चांगला आहे, पण दुबईशी तुलना नाही, आणि मध्यरात्रीच्या विमानांच्या वेळी तिथे गर्दी असते. त्यापेक्षा तपासणी आटोपल्यावर भिंतीवरचा कलासंग्रह बघायला वीस मिनिटं ठेवा. जुन्या वाड्यांचे कोरीव दरवाजे, झरोके, मूर्ती. लोक त्याच्यासमोरून बॅगा ओढत पळत जातात, तुमच्या आईला कदाचित तेच सगळ्यांत जास्त आवडेल.

मुंबई–दुबई उड्डाण जेमतेम तीन तासांचं. तिथेही फर्स्ट असतं, पण तीन तासांत खाणं, झोप, अंघोळ यांतलं एकच काहीतरी धड होतं. मग तेवढा तुकडा बिझनेसने काढावा का? लोक विचारतात. करता येतं, दुबईच्या लाउंजचा प्रवेश पुढच्या विमानाच्या वर्गावर ठरत असल्याने तिथे अडत नाही. पण भाडं बऱ्याचदा अख्ख्या बाजूचं फर्स्टचंच लागतं, बचत नावापुरती. खरी बचत हवी असेल तर जाताना फर्स्ट आणि येताना बिझनेस करा. येताना माणसं मुलीच्या घरचा निरोप घेऊन थकलेली असतात, बसल्या बसल्या झोपतात. त्या झोपेला बिझनेसची सपाट खुर्ची पुरते. फक्त बिझनेसचं सर्वांत स्वस्त भाडं घेताना बारीक अक्षरं वाचा. एमिरेट्सचं 'स्पेशल' आणि कतारचं 'लाइट' अशा भाड्यांत लाउंज येत नाही.

कराचंही लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी सगळ्या वर्गांच्या तिकिटांवर जीएसटी १२ वरून १८ टक्के झालाय. इकॉनॉमीला ५ टक्केच आहे. फर्स्टच्या रकमेवर हा फरक चांगलाच जाणवतो, आणि जुना अंदाज धरून वर्गणी काढलेली भावंडं शेवटी एकमेकांकडे बघत बसतात.

खुर्च्या निवडताना मधल्या दोन घ्या. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये मधल्या जोडीतला पडदा खाली घेता येतो. नवरा-बायको खिडकीच्या मोहाने दोन टोकांना बसले तर चौदा तास एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत. (काही जोडप्यांनी मला नंतर आभाराचा फोन केलाय, तो भाग वेगळा.) फक्त सोबतीचंच महत्त्व असेल आणि अमेरिका ही अट नसेल, तर सिंगापूर एअरलाइन्सच्या ए३८० मध्ये सहाच सूट असतात आणि शेजारचे दोन जोडून खरंखुरं डबल बेड होतं. ते विमान मुंबईलाही येतं. साडेपाच तासांचा प्रवास, खर्च न्यूयॉर्कपेक्षा पुष्कळ कमी. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल ३ मधली त्यांची 'प्रायव्हेट रूम' परतीच्या वेळी मिळते, आणि ती फक्त त्यांच्याच फर्स्ट आणि सूटच्या प्रवाशांना. कार्ड कितीही सोनेरी असो, चालत नाही.

शॉवरबद्दल सगळे विचारतात म्हणून. वेळ आधी ठरवून घ्यायची असते, विमानात चढल्या चढल्या सांगून ठेवायचं. पाणी पाच मिनिटं चालतं, मधे बंद करता येतं, किती उरलं ते दिव्यांवर दिसतं. आपल्या माणसांना बादलीभर पाण्यात अंघोळ करायची सवय असते, त्यांना पाच मिनिटं भरपूर होतात. पण बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हजारो फूट उंचीवर गरम पाण्याखाली उभं राहण्याचा हट्ट नको. दुबईच्या लाउंजमध्ये तीच अंघोळ स्थिर जमिनीवर होते.

आता खाणं. विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावी इतकी विरळ असते. म्हणजे बसल्या जागी कळसूबाईच्या शिखराहून वर, आणि हवा वैशाखातल्यापेक्षा कोरडी. अशा हवेत, शिवाय इंजिनाच्या आवाजात, मीठ आणि गोड कमी लागतं. लुफ्तान्साने जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून हे तपासूनही घेतलं होतं. म्हणून महागड्या थाळीत पहिला घास घेऊन "मीठ नाही" म्हणणारे आजोबा खोटं बोलत नसतात. उपाय आपल्या घरचाच: लोणचं मागून घ्या. आणि मुख्य जेवण लाउंजमध्ये करा, जमिनीवर चव शाबूत असते. विमानात मग हलकं काहीतरी खाऊन सरळ झोपायचं. शॅम्पेन हवीच असेल तर एक ग्लास. कोरड्या हवेत दुसऱ्या ग्लासने डोकं धरतं.

शाकाहारी असतील तर फर्स्ट आहे म्हणून गृहीत धरू नका. किमान २४ तास आधी जेवणाचा प्रकार तिकिटात नोंदवा. कांदा-लसूण नको असेल तर जैन जेवण, नाहीतर एशियन व्हेज. 'व्हीगन' चुकून निवडलंत तर दही नाही, तूप नाही, चहात दूध नाही. आईचा चेहरा बघवणार नाही.

एक चूक माझी स्वतःची सांगते. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाचं फर्स्टचं तिकीट काढलं. सुटायच्या अकरा दिवस आधी कंपनीने विमान बदललं, नव्या विमानात फर्स्ट नव्हतंच. मेल माझ्याकडे आली होती, मी ती वेळापत्रकाच्या नेहमीच्या सूचनांत धरून सोडून दिली. त्यांना काउंटरवर कळलं. तेव्हापासून फर्स्टच्या प्रत्येक तिकिटाचा सीट मॅप मी दर आठवड्याला उघडून बघते. तुम्हीही बघा. खुर्च्यांची मांडणी बदललेली दिसली की लगेच फोन. वरच्या वर्गाचं तिकीट असून खालच्या वर्गात बसवलं तर विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा १५ फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम आहे: आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतराप्रमाणे करांसकट तिकिटाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के परत. १५०० ते ३५०० किलोमीटरला ५०, त्याच्या वर ७५. काउंटरवर शांतपणे या नियमाचं नाव घ्या आणि बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा.

व्हीलचेअर नक्की मागवा, त्यात कमीपणा नाही, दुबईतली अंतरं मोठी आहेत. पण ढकलणारा मुलगा घाईत असतो आणि सवयीने थेट गेटवर नेऊन सोडतो. माझ्या कित्येक प्रवाशांचा लाउंज असाच हुकला. बाबांच्या खिशात एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: आधी फर्स्ट लाउंज. आत गेल्यावर टेबलावरच्या माणसाला एवढंच सांगायचं, की निघायच्या वेळी आम्हाला बोलवा. फर्स्टमध्ये हे करतातच, पण एकदा तोंडाने सांगितलं की आपल्या माणसांचा जीव भांड्यात पडतो. दुबईत हिंदी बोलणारं कुणी ना कुणी भेटतं, इंग्रजीची धास्ती नको. टिप द्यायची गरज नाही.

पैसे वसूल होतात का? भाकरीच्या हिशोबाने कधीच नाही. तेवढ्या पैशांत दोघांच्या दहा वर्षांच्या कोकणवाऱ्या होतील. तुम्ही पन्नास वर्षांचं निमित्त म्हणून देताय, तर त्या निमित्ताइतकाच हिशोब करा, तासाला किती पडले ते काढत बसू नका. बाबा काढतीलच.

राहिलं सरप्राइज. करू नका. आई नेहमीप्रमाणे सात वाजता वरण-भात उरकून निघेल, थेपले आणि चिवड्याचा डबा बांधेल, बाबा जुना टी-शर्ट घालून प्रवासाला तयार होतील. मग पहिला तास नुसता संकोचात जाईल, आणि लाउंजमधल्या जेवणाला पोटात जागा नसेल. आठवडाभर आधी सांगा. रागावू देत, "एवढे पैसे कशाला" म्हणू देत, शेजारच्यांना फोन करू देत. त्यातला अर्धा आनंद त्या फोनांचा आहे. आणि निघायच्या दिवशी आईला बजावून ठेवा, की घरून जेवून निघायचं नाही. डबा बांधलाच तर बांधू दे. विमानात रात्री कधीतरी जाग आल्यावर तो उघडला जातोच.